पेन्सिलने लिहिलेली नावं

नव्या सिस्टरची पहिली नाइट कितव्या दिवशी लागते, एवढं कळलं की त्या दवाखान्याबद्दल मला फारसं काही विचारावं लागत नाही. पहिल्याच आठवड्यात लागत असेल तर तिथे माणसं कमी आहेत. पहिल्याच दिवशी लागत असेल तर माणसं कमी आहेत आणि मालकाला त्याचं काही वाटतही नाही. खान्देशातल्या सरकारी रुग्णालयांत मी ३१ वर्षं नोकरी केली. अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले, आणि मग काही वर्षं एका खासगी हॉस्पिटलात नर्सिंगची इन्चार्ज होते. एवढ्या काळात महिनाभर नाइट न लागलेली नवी मुलगी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी दिसली. त्यातल्या पुष्कळ ड्यूट्या मीच लावलेल्या. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आणि बरीचशी टोचणी, दोन्ही माझ्याकडे आहेत.

एक रात्र विसरता येत नाही. खासगीतलं माझं दुसरं वर्ष. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग, फर्स्ट क्लास, जॉइन होऊन नऊ दिवस झालेले. तिच्या जोडीची सिनिअर घरच्या लग्नाला गेली होती. मी दुसरी द्यायला हवी होती, दिली नाही. खाली कॅज्युअल्टीत एक सिस्टर, वर ही एकटी आणि अठरा पेशंट. एका आजोबांना जेवणाआधी १० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. पेन त्यांचं स्वतःचं, पण पेनच्या सुया संपलेल्या. नातेवाईक डबा उघडून बसलेले आणि ‘सिस्टर, इंजेक्शन द्या ना’ म्हणून तिसऱ्यांदा काउंटरवर आलेले. तिने पेनमधल्या कार्ट्रिजमधूनच सिरिंजने औषध ओढलं. हाताशी आली ती लाल टोपीची सिरिंज, म्हणजे मिलीला ४० युनिटवाल्या इन्सुलिनची. पेनमधलं इन्सुलिन मिलीला १०० युनिटचं असतं. तिने १० च्या खुणेपर्यंत भरलं. खूण १० ची, आत पाव मिली, म्हणजे २५ युनिट.

दीडच्या सुमारास वॉर्डातल्या मावशीने हाक मारली की आजोबा घामाने भिजलेत आणि नीट बोलत नाहीत. शुगर ३८ निघाली, धोक्याइतकी कमी. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, धावत आले, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, गेलं, आणि थोड्याच वेळात आजोबा ‘इतकी गर्दी कशाला’ म्हणून विचारू लागले. पेशंट वाचला. सकाळी मुलीकडून लेखी खुलासा घेतला गेला. संध्याकाळी ती वडिलांबरोबर येऊन सामान घेऊन गेली.

तिला हा फरक माहीत नव्हता, असं कुणी म्हणेल. खुलासा लिहिताना तिने माझ्यासमोर कागदावर सगळं गणित मांडलं होतं, अचूक. लाल टोपी ४० ची, नारिंगी १०० ची, हेही बरोबर. माहिती डोक्यात होती. पण अठरा पेशंट, दोन बेल, एक फोन आणि काउंटरवरचा तो नातेवाईक यांच्या गर्दीत ती माहिती हातापर्यंत पोचायला शेजारी दुसरं माणूस लागतं. ‘थांब, ही सिरिंज बघ’ एवढंच म्हणणारं. ते माणूस मी दिलं नव्हतं, आणि माझ्याकडून मात्र कुणी खुलासा मागितला नाही.

‘हल्लीच्या मुलींना काही येत नाही’ हे वाक्य खान्देशातल्या प्रत्येक दवाखान्यात चहाबरोबर मिळतं. डॉक्टर म्हणतात, जुन्या सिस्टर म्हणतात, मेडिकलवाला सुद्धा म्हणतो. मला ते खोटं वाटतं. या मुलींना औषधशास्त्र आमच्यापेक्षा जास्त येतं. ईसीजी वाचायला आम्ही नोकरीत शिकलो, त्या वर्गात शिकून येतात. मग पहिल्या महिन्यात त्या अशा गोंधळलेल्या का दिसतात?

आमच्या वेळी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, साडेतीन वर्षांचं होतं आणि शाळा रुग्णालयाच्याच आवारात असायची. हॉस्टेलची खिडकी उघडली की वॉर्ड दिसायचा. वॉर्ड चालायचा तोच विद्यार्थिनींच्या जिवावर. दुसऱ्या वर्षाची मुलगी नाइटला असायची आणि तिच्यामागे काठी नसलेली पण काठीसारखी एक सिस्टर असायची. पास झालो तेव्हा बिछान्यांचे नंबर पाठ होते, स्टोअरची किल्ली कुठे लटकते ते ठाऊक होतं, कोणत्या डॉक्टरांना रात्री फोन केलेला चालतो आणि कोण आधी ओरडून मग येतात, हेही ठाऊक होतं. त्या पद्धतीचं कौतुक मला करायचं नाही. फुकटचे हात म्हणून आम्हाला राबवलं, शिकवणं राहून गेलं, आणि आमच्या चुकांचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण एक गोष्ट खरी की विद्यार्थिनी आणि सिस्टर यांच्यामध्ये तेव्हा उंबरठा नव्हता. पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वॉर्डात त्याच कामाला उभ्या राहिलो, फक्त गणवेश बदलला.

आता जीएनएम तीन वर्षांचं आहे. बी.एस्सी. चार वर्षांचं. कॉलेजं गावाबाहेर हायवेला आहेत आणि पोस्टिंगसाठी मुलींची बस सिव्हिलला येते. एका बस-भर मुली एका वॉर्डात उतरल्या की एका कॅथेटरभोवती दहा डोकी असतात आणि हात दोनच लागतात, तेही बहुधा ट्यूटरचे. विद्यार्थिनीला ‘केस’ म्हणून एक पेशंट दिला जातो. त्याचा इतिहास, त्याची तपासणी, त्याचा परिचर्या आराखडा असं ती वीस पानं सुबक अक्षरात लिहिते. अठरा पेशंट एकदम मात्र तिला चार वर्षांत कुणीही दिलेले नसतात. आणि नोकरीचा पहिला प्रश्न तोच असतो की या अठरांतला आधी कोण.

२०२१ नंतरच्या सेमिस्टर पद्धतीत बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात इंटर्नशिप ठेवली आहे, ते चांगलं झालं. पण ती कोर्सच्या आतली आहे. डोक्यावर परीक्षा असते, लॉगबुकावर सह्या गोळा करायच्या असतात, आणि ज्या हॉस्पिटलात ती होते तिथे पुढे नोकरी लागेलच असं नाही. एमबीबीएस झालेल्या मुलाला परीक्षा संपल्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप करावी लागते आणि ती पुरी झाल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. डॉक्टरला वर्षभर सांभाळावं लागतं हे आपण कायद्याने मान्य केलं आहे. नर्स मात्र नोंदणीचा कागद हातात आला की पूर्ण तयार, असं आपण धरून चालतो. नोंदणी म्हणजे शिकायला आता धोका नाही एवढंच. वाहन चालवण्याचा परवाना मिळालेल्या पोराला कुणी पहिल्याच दिवशी लळिंगच्या घाटात भरलेला ट्रक देत नाही.

जगात हे कळायला आता पन्नास वर्षं झाली. अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये नव्या नर्सच्या या पहिल्या धक्क्याला ‘रिॲलिटी शॉक’ असं नाव दिलं होतं. ब्रिटनमध्ये नव्या नर्सला नेमून दिलेली एक अनुभवी जोडीदारीण असते, तिला प्रिसेप्टर म्हणतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांतली कॉर्पोरेट रुग्णालयं असं काही करतात, पण त्यांचा मान्यतेचा फलक राखायला. जळगावच्या रिंग रोडवरच्या किंवा शहाद्याच्या बसस्टँडमागच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात हे कसं आणायचं, हा माझा प्रश्न आहे. कारण आपल्या मुलींची पहिली नोकरी तिथेच लागते.

माझं मागणं एकच आहे. पहिले तीन महिने नव्या सिस्टरला ड्यूटीच्या मोजणीत धरू नका. तिने वॉर्डात यावं, सगळी कामं करावीत, सकाळ-दुपार-नाइट तिन्ही पाळ्या कराव्यात, पण पाळीला किती सिस्टर लागतात हा आकडा तिच्याशिवाय पुरा झालेला असावा. बाकी सगळं, म्हणजे ओरिएंटेशनचे वर्ग, फाइल, चेकलिस्ट, फीत कापून झालेलं स्वागत, यांतलं काहीही या एका गोष्टीशिवाय उपयोगाचं नाही. मोजणीत धरलेली मुलगी कितीही शिकवली तरी शिकत नाही, ती फक्त रात्र काढते.

मोजणी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ नर्स हवी, अतिदक्षता विभागात १ रुग्णामागे १. हे आकडे वाचून माझ्या काळच्या सिस्टर हसायच्या. मी नाइटला चाळीस पेशंट दोघींत काढलेले आहेत, कधी एकटीने. अशा ठिकाणी नवं माणूस आलं की इन्चार्जला पहिला आनंद होतो तो एक रिकामी पाळी भरल्याचा. तिला शिकवायचं आहे हे तिसऱ्या दिवशी आठवतं. मला तरी तसंच व्हायचं.

या तीन महिन्यांत काय शिकवायचं? कॉलेजात झालेलं पुन्हा नको. मी तर सर्वांत आधी फोन करायला शिकवीन. रात्री अडीच वाजता डॉक्टरांना फोन करायला नवी मुलगी इतकी घाबरते की पेशंट बिघडताना पाहत ती तास घालवते. आणि करते तेव्हा म्हणते, ‘सर, सात नंबरच्या ताई बऱ्या नाहीत.’ पलीकडून ‘म्हणजे काय?’ असा आवाज चढला की तिच्या डोक्यातलं सगळं पुसून जातं. तेच तिने असं सांगायला हवं: ‘सर, सात नंबर, सकाळी सिझर झालेलं. पल्स १२४, बीपी ९० बाय ६०. दोन तासांत तीन पॅड भिजले, लघवी कमी आहे. मला रक्तस्राव वाटतो. तुम्ही यायला हवं.’ यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यांत अवघड. ‘मला वाटतं’ असं डॉक्टरांना म्हणायची सवय आपण या मुलींना चार वर्षांत लावत नाही. उलट काढतो. म्हणून हे रोज करून घ्यावं लागतं, खोटा फोन हातात देऊन, आणि डॉक्टरांनाही एकदा बसवून सांगावं लागतं की अडीच वाजता विनाकारण आलेला फोन स्वस्त असतो, न आलेला महाग.

दुसरं, इथले आजार. पावसाळा लागला की शिरपूर, चोपडा, साक्री या पट्ट्यात साप चावल्याचे पेशंट येतात. विषारी सापाने रक्त पातळ केलं आहे का, हे कळायची साधी चाचणी म्हणजे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून गोठलं का ते पाहायचं. पुस्तकात हे चार ओळींत आहे. एका ग्रामीण रुग्णालयात नव्या सिस्टरने ते रक्त प्लॅस्टिकच्या नळीत घेतलं होतं, कारण काचेची कुठे असते हे तिला कुणी दाखवलं नव्हतं, आणि दर पाच मिनिटांनी ती हलवून बघत होती. तिची काळजी मला कळते, पण त्या निकालाला काही अर्थ उरला नव्हता. कापसावरची फवारणी सुरू झाली की विषबाधा येते आणि ॲट्रोपिन या उताऱ्याचा हिशेब मिनिटामिनिटाला ठेवावा लागतो. नंदुरबारात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा मुलगा हाडांच्या कळांनी लोळत असतो आणि अनोळखी सिस्टरला तो नाटक करतोय असं वाटतं. मे महिन्यात भुसावळकडून उष्माघाताचे पेशंट येतात. मुंबईहून किंवा दिल्लीहून आलेल्या कुठल्याही तयार मॉड्यूलमध्ये ही चार एकत्र नसतात. ती आपल्याच जुन्या सिस्टरच्या डोक्यात आहेत आणि त्या निवृत्त होत चालल्या आहेत.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मात्र शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे उलटं होतं. पारोळ्याकडची म्हातारी ‘जीव घाबरी ऱ्हायना’ म्हणते तेव्हा ती भ्यायलेली नसते. तिच्या छातीत काहीतरी होत असतं. बाहेरून आलेल्या एका सिस्टरने नोंदीत ‘पेशंट घाबरलेली, धीर दिला’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. ईसीजी दोन तासांनी निघाला. उलट धडगावकडची एखादी पावरा आदिवासी घरातली मुलगी नर्स होऊन येते. तिच्या मराठीवर वॉर्डात हसतात, पाळी बदलताना पेशंटची माहिती, म्हणजे हँडओव्हर, देताना तिला ‘नीट बोल’ म्हणतात. पण मोलगीहून आलेल्या बाळंतिणीशी तिच्या भाषेत बोलू शकणारी अख्ख्या मजल्यावर ती एकटीच असते. त्या बाईने रात्रभर कुणालाच सांगितलं नव्हतं की दिसायला अंधुक झालंय. हिला सांगितलं. गरोदरपणात बीपी वाढलेलं असताना हे लक्षण किती महत्त्वाचं असतं, ते कोणतीही सिस्टर सांगेल. नव्या मुलीकडे देण्यासारखं काही असतं, हे पहिल्या महिन्यात तिला कळलं तर ती टिकते, असा माझा अनुभव आहे. याचा पुरावा मागाल तर नाही, चेहरे आहेत.

आता पैशांचं बोलू, कारण हॉस्पिटलचे मालक इथेच वाचायचं थांबवतात. त्यांचं म्हणणं असं की आम्ही तीन महिने पोसून शिकवायचं आणि मग ती सुरतला जाणार. सुरतला जातात हे खरं आहे. भुसावळहून ताप्ती लाइनची गाडी धरली की सुरत एका रात्रीचा प्रवास, नवापूरहून तर आणखी जवळ. नाशिक, पुणे, आणि ज्यांना जमतं त्या आखाती देशांत. पण का जातात? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराची शिफारस केली होती. ५० पेक्षा कमी खाटा असतील तरीही महिना २०,००० रुपयांच्या खाली नको, ५० ते १०० खाटांना सरकारी पगारापेक्षा जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि २०० च्या वर असतील तर सरकारी पगाराइतकाच. इतकी वर्षं झाली. आपल्या भागात नवीन मुलीला जॉइनिंगला काय हातात देतात, ते कोणत्याही कॉलेजच्या गेटवर उभं राहून विचारा. शिवाय मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, ‘बॉण्ड’ म्हणून. कागद कपाटात ठेवल्याने माणूस थांबतं ही समजूत मला कधीच कळली नाही. माणूस थांबतं, पण मन लावत नाही.

२०,००० धरले तरी तीन महिन्यांचे ६०,००० होतात. रिसेप्शनच्या मागे काचेवरून पाणी वाहतं ठेवण्याचा खर्च एका हॉस्पिटलात मी यापेक्षा जास्त ऐकला आहे. आणि ज्याला खरोखर झेपत नाही, त्या वीस खाटांच्या डॉक्टरांनी एकट्याने करावं असंही नाही. जळगावात, धुळ्यात एकेका रस्त्यावर दहा-बारा हॉस्पिटलं शेजारी शेजारी आहेत. रक्तपेढी सगळ्यांची एक चालते, जैविक कचऱ्याची गाडी एक चालते, मग नव्या सिस्टरला शिकवणारी एक अनुभवी परिसेविका चौघांत मिळून का ठेवता येऊ नये? निवृत्त झालेल्या आम्ही घरी पापड लाटत बसलो आहोत. आम्हाला विचारून तर बघा.

शिकवणाऱ्या सिस्टरचंही ऐकायला हवं. ‘हिला जरा बघ’ एवढ्यावर हे काम तिच्या गळ्यात टाकलं जातं. तिचे पेशंट कमी होत नाहीत, पगार वाढत नाही, आणि नवीन मुलीकडून चूक झाली तर बोलणी तिला. मग ती नवीला ट्रे लावायला आणि नातेवाइकांना बाहेर काढायला ठेवते, आणि कामाचं सगळं स्वतः करते. तिला दोष देणं सोपं आहे. तिच्याकडचे पेशंट निम्मे करा, महिन्याला काही जादा रक्कम लावा, आणि तीन महिन्यांनी ‘ही मुलगी एकटीने वॉर्ड धरू शकते’ यावर सही तिची घ्या. मालकाची नाही, एचआरचीही नाही. ज्या बाईला उद्या त्या मुलीकडून हँडओव्हर घ्यायचा आहे, ती खोटी सही सहसा करत नाही.

‘आम्ही असंच पाण्यात पडून पोहायला शिकलो’ असं म्हणणाऱ्या माझ्याच मैत्रिणी आहेत. शिकलो, खरं आहे. पण पाण्यात आम्ही एकट्या नव्हतो, पेशंटही होते, आणि कोण बुडालं याची नोंद आमच्या आठवणींत नाही.

सरकारची गोष्ट आणखी वेगळी. बी.एस्सी. झालेली मुलगी आता समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून थेट उपकेंद्रात जाऊ शकते. अक्कलकुव्याच्या डोंगरात नेटवर्क जाऊन-येऊन असतं. तिथे बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, शेजारी एएनएम सिस्टर आणि आशाताई. पहिल्या दिवशी खाली मान घालून तिने आशाताईंकडून शिकलं तर ठीक, नाही तर पदाचं नाव मोठं आणि आधार काहीच नाही. तिला आधी सहा महिने ग्रामीण रुग्णालयात अनुभवी सिस्टरच्या हाताखाली ठेवून मग वर पाठवायला हवं. २०२३ मध्ये १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. नियम नव्याने लिहायची वेळ हीच आहे. अभ्यासक्रमाची पानं वाढवण्याआधी पहिल्या वर्षाबद्दल चार ओळी त्यात आल्या तर बरं.

इन्सुलिनच्या त्या रात्रीनंतर मी ड्यूटीच्या वहीत एक बदल केला होता. नव्या मुलींची नावं पेन्सिलने लिहायची. पाळी पुरी झाली का हे मोजताना फक्त शाईची नावं मोजायची. तीन महिन्यांनी, शिकवणाऱ्या सिस्टरची सही आली की नावावरून पेनने गिरवायचं. मालकांनी एकदा वही पाहून ‘ही नावं पुसट का?’ म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, अजून पक्की व्हायची आहेत. ते हसले, पण त्यांनी दोन माणसं जास्त दिली, हेही सांगायला हवं. मी सोडेपर्यंत सात नावं गिरवली. त्यातल्या चौघी अजून तिथेच आहेत.

आता तिथे ड्यूटी कॉम्प्युटरवर लागते. माझ्या जागी आलेल्या मॅडमना मी फोनवर पेन्सिलचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नव्या मुलींचे खाने पिवळे करते. केले. परवा विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘दोघी रजेवर गेल्या ना ताई, म्हणून तेवढ्यापुरते पांढरे केले.’